नऊ मीटर दोर

१

रविवारी सकाळी घारीच्या कड्यावरून दोरानं उतरताना पुण्याची शुभ्रा नावाची मुलगी चार मीटरवरून खाली पडली. दोर जमिनीपर्यंत पोचलाच नव्हता. खाली कारवीची दाट झुडपं होती म्हणून घोट्यावर निभावलं. नाहीतर काय झालं असतं ते तांबडवाडीत कुणी बोलून दाखवत नव्हतं.

हे सगळं मला बुधवारी कळलं, कारण बुधवारी तो दोर खताच्या पोत्यात बसून भोरला माझ्या घरी आला. पोतं आणणारा कुंडलिक म्हणजे तांबडवाडीच्या पर्यटन समितीचा अध्यक्ष. सुलूनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, पोत्याला दिवाणखान्यात येऊ दिलं नाही. मग आम्ही तिघं गच्चीवर गेलो.

माझं नाव केशव. पस्तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. भोर आणि वेल्ह्यातले बांध मी इतके मोजलेत की कोणाचा कुणाशी अबोला आहे हे मला गावात शिरायच्या आधी ठाऊक असतं. आता गुडघे गेलेत. कड्यावरून लटकण्यासाठी माणसं सुट्टी खर्ची घालतात, याचं मला आजही नवल वाटतं.

कुंडलिकनं अडचण सांगितली. तांबडवाडी गुंजवण्याच्या पलीकडे, धरणाच्या काठाला आहे. भातखाचरं बरीचशी पाण्यात गेली, उरला तो कडा. पाच वर्षांपूर्वी गावानं ठरवलं, पाहुणे यायचेच आहेत तर आपल्या नियमानं येऊ देत. दिवसाला तीसच माणसं. कड्यावर आग्या मोहळ बसलं की कडा बंद. जेवण पाळीपाळीनं प्रत्येक घरात, स्पीकर नाही, बाटल्या परत न्यायच्या. पुण्याला कामाला गेलेली चार पोरं त्यामुळे गावात परत आली होती. आता एका कंपनीला तोच कडा दहा वर्षांच्या करारानं हवा होता. पाण्याकाठी दोनशे तंबू आणि वरून तारेवरची घसरण, म्हणजे झिपलाइन. शुक्रवारी ग्रामसभा होती. दोष गावाचा ठरला तर करार होणार आणि मंगलचं गाईडचं ओळखपत्र काढून घेणार, हे जवळजवळ ठरल्यात जमा होतं. कड्यावर दोर लावायची जबाबदारी मंगलची होती.

"कंपनी म्हणती, तुमचा दोर पयल्यापासनंच आखूड. आमी म्हणतो साठ मीटरचा हुता," कुंडलिक म्हणाला. "तुमी मोजा आन लिहून द्या, भाऊसाहेब. तुमच्या मापावर या खोऱ्यात कुनी बोट ठेवत न्हाई."

टेप लावला. एक्कावन्न मीटर भरला. कुंडलिकचा चेहरा पडला. पण असल्या दोराला कारखान्यातून बरोबर मधोमध काळी खूण येते, हे त्यानंच मला सांगितलं होतं. खुणेपासून एका टोकाला तीस मीटर भरले, दुसऱ्या टोकाला एकवीस. तिसाच्या टोकावर कारखान्याची चिकटपट्टी होती आणि त्याखाली कुंकवाचा डाग. खंडेनवमीला तांबडवाडीत कोयता, नांगर, टेम्पो यांच्यासोबत दोराचीही पूजा होते. दोन्ही टोकांना हळदकुंकू लागतं. एकविसाच्या टोकाला ना पट्टी होती ना कुंकू. ते टोक सुटू नये म्हणून विस्तवावर वितळवलेलं होतं आणि वितळलेल्या भागात करडी राख घट्ट बसली होती.

सुलू इतका वेळ नुसती बघत होती. तिनं दोराची आखूड बाजू नाकाशी धरली, मग लांब बाजू धरली.

"ही आखूड बाजू कपड्याच्या पावडरनं धुतलीय," ती म्हणाली. "घासून, चिखल काढल्यासारखी. आणि धुणारी बाई आहे. पुरुषानं धुतला असता तर सगळा भिजवला असता आणि कुठंच स्वच्छ झाला नसता."

म्हणजे दोर आखूड आला नव्हता. दसऱ्यानंतर केव्हातरी तो कुणीतरी कापला होता, आणि त्याआधी किंवा नंतर कुणीतरी तो धुतला होता.

२

गुरुवारी सकाळी एसटीनं कापूरहोळला उतरलो. तिथून कुंडलिकच्या टेम्पोनं नसरापूरवरून आत. वाटेत त्याला विचारून घेतलं. शेवटचा गट मागच्या गुरुवारी उतरला होता आणि दोर जमिनीवर दहा-अकरा हात लोळत होता. शुक्रवार आणि शनिवार कडा बंद. मंगलसोबत कड्यावर काम करणाऱ्या गोरखच्या चुलतभावाचं लग्न शिवऱ्याला होतं आणि सगळी वाडी तिकडं गेली होती. घर राखायला दोनचार म्हातारी माणसं मागं होती. म्हणजे दोर कापला गेला तो शुक्रवार सकाळ ते रविवार पहाट या दरम्यान.

सामानाच्या खोलीच्या किल्ल्या दोन. एक गोरखकडे, एक मंगलच्या सासूकडे, बनाबाईकडे, कारण खोली त्यांच्या घराला लागून आहे. कुलूप मात्र नावालाच होतं. मी माझ्या घराच्या किल्लीनं ते उघडून दाखवलं तेव्हा कुंडलिक खजील झाला.

गोरख आधी भेटला. पंचविशीचा, अंगानं दणकट, डोळ्याला डोळा न देणारा. त्याचं काम खाली उभं राहून दोराचं टोक धरायचं. वरचा माणूस घसरला की खालून दोर ताणायचा, म्हणजे तो जागच्या जागी थांबतो.

तो म्हणाला, रविवारी मी खालीच उभा होतो. मी विचारलं, दोर कुठल्या हातात होता. तो म्हणाला, उजव्या. मग मी शांतपणे विचारलं, जो दोर जमिनीपासून चार मीटर वर लोंबत होता तो उजव्या हातात आला कसा.

त्यानं बराच वेळ पायानं खडे उकरले. मग सांगून टाकलं. तो खाली नव्हताच. वाहनतळावर दोन मोटारी आडव्या लागल्या होत्या, त्या सरळ करत होता. मंगलनं मोबाईलवर विचारलं, "खाली हायस का?" त्यानं चालता चालता सांगितलं, "हाय, सोड." पाच मिनिटांची तर वाट, पोचू, असा हिशेब होता.

"म्या तिथं असतो तर दोर दिसला असता," तो म्हणाला. "ती पोरगी माझ्यामुळं पडली. पन दोर म्या न्हाई कापला, तात्या."

मला ते खरं वाटलं. शुक्रवारपासून तो शिवऱ्यात मांडवाखाली राबत होता, रविवारी उजाडताना परतला. शिवाय दोर आखूड आहे हे ज्याला ठाऊक असतं, तो त्या दिवशी तरी आपल्या जागेवर हजर राहिला असता, निदान स्वतःला सोडवण्यासाठी. गोरख गाढव होता, पण कापणारा तो नव्हता.

जाता जाता त्यानं एक गोष्ट सांगितली. मंगल दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारून ठेवते, म्हणजे दोर कमी पडलाच तर माणूस गाठीला अडकतो, खाली येत नाही. दसऱ्याला कुंकू लावून मारलेली गाठ ती वर्षभर सोडत नाही.

मी गच्चीवर दोर इंचाइंचानं पाहिला होता. त्याला गाठ नव्हती.

३

बनाबाईंचं घर वाडीच्या टोकाला. पलीकडे उतार, खाली धरणाचं आटलेलं पाणी. मे महिना असल्यानं काठाला अर्धा कोस चिखल उघडा पडला होता. दारात गोठा, गोठ्यात बैलजोडी आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस, चंद्री. जाडजूड तिपदरी दाव्यानं बांधलेली, आणि दावं शेणानं माखलेलं. बनाबाई तिच्या काखेत आणि पोटाला हळद आणि तेल चोळत होत्या. मी विचारलं, काय झालं. म्हणाल्या, काटेरी तारेला घासली.

मला पाहून त्यांना आनंद झाला नाही. त्यांनी हात धुतला, घोंगडी टाकली, पाणी दिलं. सगळं रीतीनं. मग उभ्यानंच बोलल्या.

"तुमीच ना ते मोजणीवाले? धरणाच्या टायमाला आमची जमीन मोजली. घर मोजलं. चिंचा मोजल्या. तुमी मोजलं की आमचं कायतरी जातं. आता काय मोजाया आलाय?"

मी म्हणालो, दोर. त्यांनी पदर सावरला आणि चुलीपुढं जाऊन बसल्या. मला वाईट वाटलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या काळात मी ज्या ज्या दारात साखळी पसरली ते ते दार आज पाण्याखाली आहे. मोजणी चुकली नाही एवढंच मी स्वतःला सांगू शकतो.

या बाईंबद्दल कुंडलिकनं सांगितलं होतं. मुलगा शिरवळला कारखान्यात. सून कड्यावर चढते, विजार घालते, परक्या पुरुषांना पट्टे बांधते, म्हणून भावकीनं नावं ठेवली तेव्हा बनाबाई चावडीवर जाऊन म्हणाल्या होत्या की माझी सून दोरावर उभी राहती म्हणून तुमच्या घरी पाव्हणं जेवत्यात. त्यानंतर कुणी बोललं नाही.

मंगल दूध घालून परत आली. तिशीतली, शांत, बोटांना घट्टे. मी तिला एकच विचारलं. रविवारी दोराच्या टोकाला गाठ होती का?

"आठवत न्हाई," ती म्हणाली. "सुटली आसंल. चूक माझीच हाय. म्या सकाळी दोर मोजाया पायजे हुता. लिहा तसं."

तिनं चरवी उचलली आणि आत गेली. मी कुंडलिककडे पाहिलं. तो हळू आवाजात म्हणाला की रविवारी दुपारी, दवाखान्यातून फोन आल्यावर, याच मंगलनं सगळ्यांसमोर छातीठोक सांगितलं होतं, गाठ होती, दसऱ्यापासून आहे, कुणीतरी काढली. सोमवारी सकाळपासून तिची भाषा बदलली.

माणूस स्वतःला वाचवण्यासाठी बोलणं बदलतो हे मी कचेरीत रोज पाहिलंय. स्वतःला बुडवण्यासाठी बदलताना फार थोडे पाहिलेत. मला पहिल्यांदा वाटलं की हिला कापणारा माहीत आहे.

४

कंपनीचा माणूस शार्दूल. पाण्याकाठी त्याचा एक तंबू नमुन्यादाखल उभा होता. वय तिसाच्या आत, बोलायला गोड, मला खुर्ची आणि थंड पाणी दिलं. आपला काही संबंध नाही, उलट अपघातानंतर आपणच शुभ्राला गाडीतून भोरला नेलं, असं तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. शुक्रवारी कॅमेरा घेऊन वाडीत फिरल्याचंही त्यानं कबूल केलं. कंपनीला अहवाल हवा असतो.

"काका, लोक चांगले आहेत इथले," तो म्हणाला. "पण हे भावनेनं चालत नाही. हे बघा."

त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. पलीकडच्या उतारावरून काढलेला. कडा, त्यावर नारिंगी दोर, आणि दोराचं टोक झुडपांच्या वर अधांतरी. हाच फोटो तो ग्रामसभेत मोठा करून लावणार होता. अपघातानंतर लगेच काढला, पुरावा म्हणून, असं त्याचं म्हणणं.

मी विचारलं, तुमच्याकडे दोराची टोकं कशी बंद करतात. त्यानं एक सुरीसारखं यंत्र दाखवलं, विजेवर तापणारं. कापलं की टोक काचेसारखं गुळगुळीत. राखेचा प्रश्नच नाही.

मी तो फोटो मागितला. त्यानं आनंदानं पाठवला. मोठ्या माणसांना मोबाईल कळत नाही अशी त्याची समजूत असावी. झाडाखाली बसून मी तो बोटांनी मोठा केला. सगळे दोराचं खालचं टोक बघत होते, आणि ते साहजिकच होतं. मी सवयीनं वरचं टोक पाहिलं. मोजणीत दोन्ही खुंट्या पाहायच्या असतात.

कड्याच्या माथ्यावर, दोराशेजारी, लाल शिरस्त्राण घातलेली एक मुलगी उभी होती. कुंडलिकला दाखवलं. त्यानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"ही शुभ्राच," तो म्हणाला. "लाल टोपी येकच हाय आमच्याकडं."

म्हणजे फोटो पडल्यानंतरचा नव्हता. ती उतरायच्या आधीचा होता.

५

आता दोन वेगळे प्रश्न होते आणि ते वेगळे ठेवणं गरजेचं होतं. शार्दूलनं दोर आखूड असल्याचं पाहिलं आणि तो गप्प बसला. पण कापला त्यानं नव्हता. राख आणि कपड्याची पावडर त्याच्या तंबूत बसत नव्हती.

मी सुलूला फोन लावला. तिनं एकच प्रश्न विचारला. "अहो, मे महिन्यात चिखल येतो कुठून?"

मे महिन्यात वेल्ह्यात चिखल एकाच ठिकाणी असतो. मी काठी घेतली आणि बनाबाईंच्या घरामागच्या उतारानं धरणाकडे निघालो. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. कुंडलिक मागून येत राहिला.

आटलेल्या पाण्यातून जुनी वाडी वर आली होती. चौथरे, जात्याची खळगी, देवळाची पायरी. मला नकाशाची गरज पडली नाही. तिसऱ्या चौथऱ्याच्या बाजूला वाळत चाललेल्या चिखलात एक मोठा खड्डा होता, काठाला म्हशीच्या खुरांचे खोल ठसे आत जाणारे, आणि अंग ओढत बाहेर काढल्याचा रुंद पट्टा. पट्ट्याच्या पुढं, कडक जमिनीवर, बैलजोडीच्या पायांचे ठसे होते, खुरांची टोकं रुतलेले, जोर लावल्यासारखे. शेजारी एकाच माणसाची अनवाणी पावलं. छोटी, बाईमाणसाची.

पट्टा आणि बैल यांच्या मध्ये चौथऱ्याची दगडी कड आडवी येत होती. त्या कडेवर नारिंगी धाग्यांचा भुगा अडकला होता.

"कुनाचा चौथरा हो हा?" कुंडलिकनं विचारलं. तो धरणाच्या वेळी लहान होता.

मी तो स्वतः मोजला होता. अठ्ठावीस फूट बाय सोळा. दारात दोन चिंचा.

"बनाबाईंचा," मी म्हणालो.

६

गोठ्यात आलो तेव्हा दोघी तिथंच होत्या. बनाबाई म्हशीपुढं गवत टाकत होत्या, मंगल शेण भरत होती. मी घोंगडीवर बसलो आणि जे झालं असावं ते सांगायला लागलो.

शुक्रवारी-शनिवारी वाडी लग्नाला गेलेली. बनाबाई घरी. चंद्री चरता चरता जुन्या दारात गेली, पाणी हटलं की तिथं ओला चारा असतो, आणि चिखलात रुतली. हाकेला माणूस नाही. घरातला दोर आखूड आणि कुजका. समितीचा नियम असा की कड्याचं सामान दुसऱ्या कामाला लावायचं नाही, पण म्हैस पोटापर्यंत गेली होती. बनाबाईंनी खोली उघडली, दोर आणला, एक टोक म्हशीला, दुसरं बैलांच्या जुवाला. म्हैस निघाली. तिच्या काखेत दोर काचला तो घाव आज हळदीखाली आहे. तारेला घासलेली म्हैस दोन्ही काखांत सारखी सोलवटत नाही.

दोर मात्र दगडाच्या कडेवर घासून एका जागी झिजला. तो तसाच परत ठेवला असता तर कुणाला कळलं नसतं. बनाबाईंनी तसं केलं नाही. चिखलाची बाजू धुतली, वाळवली, झिजल्या जागेच्या अलीकडं कापला, टोक चुलीच्या निखाऱ्यावर धरून बंद केलं, आणि सून भरते तसा पिशवीत भरून ठेवला, खालचं टोक तळाशी. मंगल वरचं टोक बांधते आणि पिशवी खाली सोडते. तळाचं टोक तिला दिसतच नाही.

"आणि उरलेला नऊ मीटर," मी म्हणालो, "शेतकऱ्याच्या घरात चांगला दोर कुणी फेकत नाही."

मी चंद्रीजवळ गेलो आणि दाव्यावरचं शेण अंगठ्यानं खरवडलं. खाली नारिंगी रंग. दाव्याच्या टोकाला एक गाठ होती, दोन वेढ्यांची, ओढून बसवलेली. गाठीच्या पोटात लाल कुंकू होतं.

बनाबाई खाली बसल्या. आवाज चढला नाही.

"हिरीच्या दोराचं आमी असंच करतो. झिजलं तेवढं कापायचं, ऱ्हायलेला दोर खणखणीत. म्या म्हणलं, झिजका दोर पोरीच्या हातात नगं. तिच्याच जीवाच्या भ्यानं कापला. लांबी म्हणून कायी आसती हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई, भाऊसाहेब. हिरीत पानी खाली गेलं तर दोराला दोर जोडत्यात. कड्याला कोन जोडनार?"

"पडल्याचं कळल्यावर बोलला का नाहीत?"

"किल्ली काढून घेतील याचं भ्या नव्हतं. म्हणलं, गावाचा कडा माझ्या म्हशीपायी गेला आसं हुईल. तोंडच उघडंना."

मग मी मंगलकडे वळलो. गाठ दसऱ्यापासून आहे असं तिनं रविवारी सांगितलं आणि सोमवारी विसरली. मधे एक संध्याकाळ आणि एक सकाळ होती, आणि दोन्ही वेळा तिनं म्हैस पिळली होती. आपल्या हाताची गाठ माणूस ओळखतो.

बनाबाईंनी सुनेकडे पाहिलं. "तुला म्हाईत हुतं?"

"व्हय, आत्या."

"आन तू सबेत कार्ड देनार हुतीस?"

मंगलनं शेणाची पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "भावकी माझ्यावर उठली तवा तुमी चावडीवर गेलावता. मला दुसरं काय सुचलं न्हाई."

दोघी तीन दिवस एका चुलीवर जेवत होत्या आणि एकमेकींपासून तेच लपवत होत्या. मी दाव्याची लांबी मोजायला घेतली. तीन पदर, प्रत्येकी तीन मीटर.

७

ग्रामसभा शुक्रवारी सकाळी देवळात भरली. शार्दूलनं फोटो पडद्यावर लावला. लोकांनी अधांतरी टोक पाहून हळहळ केली. मग मी उठलो आणि त्याला फोटोचा वरचा भाग मोठा करायला सांगितलं. त्यानं केला आणि लाल टोपी दिसली. कुंडलिकनं विचारलं, ही पोरगी पडल्यानंतर वर कशी गेली.

शार्दूल म्हणाला, मला वाटलं त्यांनी पाहिलं असेल. ते खरं असू शकेल. पण ओरडला असतास तर ऐकू गेलं असतं का, असं मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं. कराराचा कागद टेबलावर होता तसाच राहिला. त्या दिवशी त्यावर कुणी सही केली नाही, आणि पुढंही नाही.

गोरख स्वतःहून उभा राहिला आणि मोटारींचं सांगितलं. त्याच्यामागून बनाबाई उठल्या. हातात ते दावं होतं, धुतलेलं. म्हैस, चिखल, बैल, चूल, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि किल्ली कुंडलिकपुढं ठेवली. मला वाटतं, त्या सभेत बसलेल्या प्रत्येकानं आयुष्यात कधीतरी झिजलेला दोर कापून उरलेला बिनघोर वापरला होता.

मंगलला वाचवलं असं झालं नाही आणि तिनं तसं मागितलंही नाही. सकाळी दोर तपासणं तिचं काम होतं, म्हणून तिचं ओळखपत्र पावसाळा संपेपर्यंत समितीकडे राहणार, असं ठरलं. गोरखला वर्षभर खाली उभं राहायला बंदी. कडा मोहळांसाठी आणि पावसासाठी तसाही बंद होणार होता. तो गावाकडेच राहिला. किल्ली कुंडलिकनं परत बनाबाईंच्या हातात दिली, नवीन कुलपासकट. शुभ्राला सगळं कळवायला मंगल आणि बनाबाई पुण्याला जाऊन आल्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण दिवाळीनंतर शुभ्रा काठी न घेता तांबडवाडीत जेवायला आली होती.

माझा तीस मीटरचा टेप मी समितीला देऊन टाकला. खात्यातून निवृत्त होताना मिळालेला होता, सुलूला तो घरात नकोच होता. कडा पुन्हा उघडला त्या सकाळी मीही गेलो होतो. कड्यावर नाही, खाली. मंगलनं नवा दोर अंगणात पसरला, दोन्ही टोकं पाहिली, आणि टेपचं एक टोक धरलं. दुसरं टोक बनाबाईंच्या हातात होतं. त्या कुणाला ते धरू देत नाहीत असं कळलं.

दोन खेपांत साठ भरले. बनाबाईंनी टेप गुंडाळला आणि माझ्याकडे पाहिलं.

"या बारीला तुमी मोजलं," त्या म्हणाल्या, "आन आमचं काय गेलं न्हाई."

मग त्यांनी चहा टाकला. चंद्रीच्या दुधाचा होता.